घरची बाग आणि वसंतकंदांचा इतिहास : नेदरलँड्स, १५६२ ते १६३८

वसंत ऋतूत फुलणाऱ्या कंदवर्गीय वनस्पतींचा, विशेषतः ट्यूलिपचा, इतिहास बहुधा उलट्या टोकाने लिहिला जातो. १६३७ च्या फेब्रुवारीत हार्लेम येथे ट्यूलिपच्या कंदांचे भाव कोसळले, ही घटना प्रथम घ्यावयाची, आणि मग तिला शोभेल अशी पूर्वपीठिका मागे जाऊन शोधावयाची, अशी ही रीत आहे. परिणामी ज्या बागांतून हे कंद वाढले, ज्या हातांनी ते लावले, काढले, वाटले आणि प्रसंगी चोरलेही, त्यांचा उल्लेख प्रस्तावनेपुरता उरतो. सट्ट्याच्या इतिहासात फूल हे निमित्तमात्र ठरते. त्याच्या जागी मीठ वा लोकर असती तरी कथा तीच राहिली असती, असे वाचकास वाटू लागते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. कंदाचे स्वतःचे एक वर्षचक्र आहे, आणि घरगुती बागेत त्या चक्राभोवती देवघेवीचे काही संकेत निर्माण झाले होते. हे दोन्ही समजून घेतल्याशिवाय १६३७ चा बाजार समजत नाही.

प्रथम वनस्पतीविषयी थोडेसे. कंद आणि घनकंद यांत वनस्पतिशास्त्र भेद करते. आपला कांदा हा खरा कंद होय. त्यात अन्नसाठा पापुद्र्यांत असतो. सुरण किंवा केशर यांचा गड्डा हा घनकंद. तो आतून भरीव असतो, कापला तर पापुद्रे दिसत नाहीत. ट्यूलिप, नार्सिसस आणि हायसिंथ पहिल्या वर्गात येतात. क्रोकस दुसऱ्या वर्गात. इतिहासाच्या अभ्यासकास या भेदापेक्षा त्यांचे साम्य अधिक महत्त्वाचे आहे. कडक हिवाळा आणि कोरडा उन्हाळा असलेल्या प्रदेशांत या वनस्पती उत्क्रांत झाल्या. ट्यूलिपचे मूळ घर मध्य आशियातील तिएनशान आणि पामीरच्या डोंगराळ मुलखात आहे. फुलून गेल्यावर पाने वाळतात आणि कंद काही महिने सुप्तावस्थेत जातो. या काळात तो मातीबाहेर काढून ठेवता येतो, फडक्यात बांधून शेकडो कोस पाठविता येतो. गुलाबाचे वा मोगऱ्याचे रोप असे पाठविणे सोळाव्या शतकात जवळजवळ अशक्य होते. कॉन्स्टँटिनोपलहून निघालेला कंद मात्र टपालाच्या थैलीतून व्हिएन्नास पोहोचे आणि रुजेही. सोळाव्या शतकात युरोपातील बागांचे रूप इतक्या झपाट्याने बदलले, त्याचे एक मोठे कारण या साध्या गोष्टीत आहे.

याच कंदांस थंडीचे दिवस मिळाले नाहीत तर फुलाचा दांडा वाढत नाही. पुण्याच्या वा नागपूरच्या अंगणात ट्यूलिप का टिकत नाही, याचे उत्तर येथे मिळते. आपल्याकडील निशिगंधास ती अट नाही. तो मेक्सिकोतून आला आणि येथे घरचा झाला.

आता १५६२ च्या अँटवर्प बंदराकडे वळू. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर तेथील एका व्यापाऱ्यास काही कंद मिळाले. हे परदेशी कांदेच असावेत असे समजून त्याने काही निखाऱ्यावर भाजून तेल आणि व्हिनेगरबरोबर खाल्ले. उरलेले परसातील कोबीच्या वाफ्यात टाकून दिले. त्यांपैकी बहुतेक हेळसांडीने मेले. मेखेलेन येथील योरिस राय या बागकामाचा नाद असलेल्या व्यापाऱ्याने वाचलेले थोडे कंद नेऊन जोपासले. हा वृत्तान्त आपल्यापर्यंत आला तो कारोलुस क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखणीतून. याहून आधीचे उल्लेखही आहेत. १५५९ च्या एप्रिलमध्ये झुरिकच्या कॉनराड गेसनरने आउग्सबुर्ग येथे हेरवार्ट नामक गृहस्थाच्या खाजगी बागेत तांबडा ट्यूलिप पाहिला आणि १५६१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे लिनेयसने १७५३ मध्ये बागेतील ट्यूलिपला गेसनरचेच नाव दिले. हॅब्सबुर्ग दरबाराचा तुर्की वकील बुसबेक याच्या पत्रांतही या फुलाचा उल्लेख येतो. परंतु ती पत्रे १५८० नंतर, संस्कार होऊन छापली गेली. त्यामुळे पहिले पत्र १५५४ चे मानून त्यावर काळाची इमारत उभारणे धोक्याचे आहे. तुर्क या फुलास लाले म्हणतात. ट्यूलिप हे नाव पागोट्याच्या तुर्की शब्दावरून पडले, आणि बहुधा दुभाषाच्या बोलण्यातील उपमेलाच नाव समजले गेले.

फुलांची गणती करण्याचा आणि नावे देण्याचा छंद युरोपीयांनी शोधून काढला, असा समज मात्र करून घेऊ नये. काबूलच्या पायथ्याकडील डोंगरउतारांवर लालेच्या किती जाती आहेत, हे बाबराने मोजून घेतले आणि बत्तीस-तेहेतीस ही संख्या आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली. इस्तंबूलच्या बागवानांनी सुईसारख्या निमुळत्या पाकळ्यांचे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या निवडून सिद्ध केले. तिसऱ्या अहमदाच्या कारकीर्दीत, १७१८ ते १७३० या काळात, कंदांच्या किमती ठरविणारी सरकारी दरपत्रके निघाली. या कालखंडास ‘लाले युग’ हे नाव मात्र विसाव्या शतकातील तुर्की लेखकांनी दिलेले आहे, हे विसरता कामा नये.

क्लूसियसचा जन्म १५२६ मध्ये आरास येथे झाला आणि १६०९ मध्ये लायडन येथे तो निवर्तला. आपल्या दृष्टीने त्याचे आणखी एक महत्त्व आहे. १५६४ मध्ये इबेरियाच्या प्रवासात असताना त्याच्या हाती एक पोर्तुगीज ग्रंथ पडला. गोव्यात १५६३ मध्ये छापलेले गार्सिया द ओर्ताचे ‘संवाद’ ते हेच. क्लूसियसने त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये करून १५६७ मध्ये अँटवर्पच्या प्लांटँ छापखान्यातून प्रसिद्ध केला, आणि हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींचे ज्ञान विद्वान युरोपात पसरले ते मुख्यतः या लॅटिन प्रतीतून. ओर्ता हा वैद्य होता. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते आणि तेथे त्याची बागही होती. मूळ ग्रंथ घरात बसून चाललेल्या संभाषणाचा आहे. त्यात पाहुणा येतो, दासी फळ आणून दाखविते, हिंदू वैद्य मत देतो. क्लूसियसने संवादाचे हे रूप काढून टाकले आणि वनस्पतीमागून वनस्पती अशी शास्त्रीय मांडणी केली. ग्रंथ सुटसुटीत झाला, पण ज्ञान कोणाच्या अंगणातून आले ते पुसले गेले. ट्यूलिपच्या बाबतीतही पुढे काहीसे असेच घडले. मात्र तेथे पुसण्याचे काम व्यापारी इतिहासकारांनी केले.

१५७३ मध्ये सम्राट दुसऱ्या मॅक्सिमिलियनने क्लूसियसला व्हिएन्नास बोलाविले. तेथे बुसबेककडून मिळालेले ट्यूलिपचे कंद आणि बी त्याने पेरून पाहिले. बियापासून फूल येण्यास पाच ते सात वर्षे लागतात, आणि येणारे फूल आईबापांसारखेच असेल याची शाश्वती नसते. कंदापासून सुटणारी पिल्ले मात्र हुबेहूब मूळ जातीचीच निघतात. नवे हवे असेल तर बी, आणि आवडलेले टिकवावयाचे असेल तर पिल्ले, असा हा हिशेब आहे. सम्राटाच्या मृत्यूनंतर क्लूसियसची नोकरी गेली, तरी प्रयोग थांबले नाहीत. फ्रँकफुर्टच्या एका औषधविक्रेत्याकडून त्याने कंद साखरेत मुरवूनही घेतले. ते खाण्याजोगे आहेत की काय, हे त्याला पाहावयाचे होते.

या काळातील कंदांची देवघेव विक्रीच्या रूपात फारशी दिसत नाही. ती भेटीच्या रूपात दिसते. क्लूसियसला आलेली हजाराहून अधिक पत्रे लायडनच्या ग्रंथालयात जतन झालेली आहेत. फ्लोरिके एग्मोंड यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पत्रसंग्रहाचा सामाजिक विस्तार दाखविला आहे. सरदार, वैद्य, औषधविक्रेते, धर्मोपदेशक, व्यापारी, आणि मोठ्या घरांतील स्त्रिया असे नाना प्रकारचे लोक त्यात आहेत. व्हिएन्नाच्या परिसरातील आना मारिया फॉन हॉयझनस्टाइन, हॉलंडमधील मारी द ब्रिमु यांसारख्या स्त्रिया नुसत्या हौशी नव्हत्या. कोणता कंद कोणत्या मातीत तगला, कोणाचा रंग बदलला, याची माहिती देणाऱ्या त्या जाणकार होत्या. भेटीला परतभेटीची अपेक्षा असे. दुर्मिळ कंद ज्याने दिला त्याचे नाव सांगणे हा शिष्टाचार होता, आणि मिळालेला कंद पैशासाठी विकणे हे हलकेपणाचे लक्षण मानले जाई. क्लूसियसने कंद विकणाऱ्यांविषयी नापसंती व्यक्त केली, ती कंजूसपणामुळे नव्हे. ओळखीच्या माणसांमध्ये वाढलेली ही विश्वासाची व्यवस्था बाजारात टिकणार नाही, हे त्याला दिसत होते.

१५९३ मध्ये तो लायडनला आला. १५७५ मध्ये स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठास १५९० मध्ये औषधी बागेसाठी जागा मिळाली होती. नेदरलँड्समधील पहिला ट्यूलिप १५९४ च्या वसंतात या बागेत फुलला, असे सर्रास लिहिले जाते. हे विधान क्लूसियसच्याच वृत्तान्ताने खोटे ठरते. मेखेलेनचा राय तीस वर्षे आधी ट्यूलिप वाढवीत होता, आणि खुद्द लायडनमध्ये योहान फान होगेलांडे याच्या बागेतही ते क्लूसियसच्या आगमनापूर्वीच आले होते. विद्यापीठाच्या बागेची प्रत्यक्ष मांडणी ज्याने केली तो दिर्क क्लाउट हा डेल्फ्टचा औषधविक्रेता. आपल्या घरच्या बागेतील वनस्पतींचा संग्रह त्याने लायडनला आणला. म्हणजे विद्यापीठाने घरांस ट्यूलिप दिले, हे अर्धसत्य आहे. त्याआधी घरांनी विद्यापीठास बाग दिली होती. संस्थांच्या इतिहासात संस्था नेहमी आरंभस्थानी उभी केली जाते. त्याचा हा एक नमुना.

लायडनला क्लूसियसचे कंद अनेकदा चोरीस गेले. त्या चोरलेल्या कंदांतूनच डच ट्यूलिप-व्यापार जन्मला, अशी कथा लोकप्रिय आहे. चोऱ्या झाल्या हे त्याच्या पत्रांवरून निश्चित आहे. पण संपूर्ण व्यापार त्यांतून निघाला हे मानण्याचे कारण नाही, कारण तोपर्यंत कंद अनेक वाटांनी देशभर गेलेले होते. चोरी घडली याचा अर्थ एवढाच की शतकाच्या अखेरीस या वस्तूस भेटीबाहेरचे मोल आले होते.

ते मोल मुख्यतः कशास होते? एकरंगी फुलास नव्हे. पांढऱ्या वा पिवळ्या पाकळीवर ज्वाळांसारखे तांबडे, जांभळे पट्टे उमटलेल्या फुलास ‘फुटलेले’ फूल म्हणत, आणि सारा हव्यास त्याचा होता. वर्षानुवर्षे साधे फूल देणारा कंद एखाद्या वसंतात अचानक फुटे. बागवानांनी माती बदलून पाहिली, खते बदलून पाहिली. असे फुटलेले कंद क्षीण होत जातात, हे क्लूसियसच्या लक्षात आले होते. कारण मात्र तीनशे वर्षांनी कळले. १९२८ मध्ये इंग्लंडमधील जॉन इनेस उद्यानसंस्थेत डोरोथी केली यांनी दाखविले की हा गुण निरोगी कंदात संक्रमित करता येतो. तो विषाणूचा विकार आहे आणि मावा ही कीड तो पसरविते. या शोधाचा आर्थिक अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. विषाणूमुळे कंदाची शक्ती घटते आणि त्याला पिल्ले कमी येतात. जे फूल सर्वांत सुंदर, त्याचीच वाढ सर्वांत मंद. ‘सेम्पर ऑगस्टस’ या विख्यात जातीचे १६२४ च्या सुमारास अवघे डझनभर कंद होते असे समकालीन नोंद सांगते. मागणी वाढली म्हणून पुरवठा वाढविणे येथे कोणाच्याच हाती नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात मूळ कंदाशेजारी एखाद-दुसरे पिल्लू निघेल, एवढीच आशा.

आता बाजाराकडे येऊ. कंद शरद ऋतूत लावावयाचे, एप्रिल-मेमध्ये फूल पाहावयाचे, जूनमध्ये पाने वाळली की काढावयाचे, आणि पुन्हा थंडी येण्याआधी लावावयाचे. हार्लेमभोवतीची वाळूमिश्रित, पाणी न धरणारी जमीन यास फार अनुकूल होती. माल हाती देता येईल असे महिने जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे. उरलेल्या काळात कंद जमिनीखाली असे, आणि व्यवहार व्हावयाचा तर तो वायद्याचाच व्हावा लागे. सट्टा करण्यासाठी डच लोकांनी वायदे शोधून काढले, असे नव्हे. लावणीच्या हंगामाने तो मार्ग दाखविला. मौल्यवान कंद ‘आस’ या सोनारी वजनाने विकत. एक आस म्हणजे ग्रॅमचा सुमारे विसावा भाग. लावताना तोललेला कंद काढणीच्या वेळी अधिक भरे, पिल्लेही देई. तेव्हा जमिनीतील कंदाची वाढती किंमत ही निव्वळ कल्पनेची नव्हती. तिच्यात प्रत्यक्ष वाढीचा अंश होता. आल्कमार येथे वाउटर विंकेल या मद्यगृहाच्या मालकाच्या अनाथ मुलांसाठी ५ फेब्रुवारी १६३७ रोजी जो प्रसिद्ध लिलाव झाला, त्यात सुमारे ९०,००० गिल्डर जमले. ‘अॅडमिरल फान एन्कहायझन’ जातीचा २१५ आस वजनाचा एक कंद ५,२०० गिल्डरांस गेला. कुशल कारागिराची वर्षाची कमाई त्या काळी सुमारे ३०० गिल्डर होती.

याच्या दोनच दिवस आधी हार्लेमच्या मद्यगृहात कंदांस गिऱ्हाईक मिळेनासे झाले होते. ती बातमी पसरली आणि करार पाळण्याचे कोणी नाव घेईना. एप्रिलमध्ये हॉलंडच्या प्रांतसभेने वाद तहकूब ठेवण्याचा आदेश दिला. हार्लेममध्ये १६३८ च्या मे महिन्यात तोड निघाली, ती ठरलेल्या किमतीच्या साडेतीन टक्के देऊन खरेदीदाराने मोकळे व्हावे, अशी.

या घटनेची आज सर्वांस परिचित असलेली कथा कोठून आली? १६३७ मध्येच हार्लेमच्या एका मुद्रकाने ‘वारमोंट आणि गारखूट’ या दोन पात्रांच्या संवादांच्या तीन उपहासात्मक पुस्तिका काढल्या. पात्रांची नावेच सत्यवचनी आणि लोभी अशा अर्थाची आहेत. हेतू उपदेशाचा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान बेकमान या जर्मन विद्वानाने अशा साहित्यावर विसंबून हकीकत लिहिली, आणि १८४१ मध्ये चार्ल्स मॅके याने ती उचलून अधिक रंगविली. खारवलेल्या माशाबरोबर मोलाचा कंद खाऊन टाकणारा खलाशी या परंपरेतूनच आला. अँटवर्पच्या व्यापाऱ्याने कंद खाल्ले ते खरे. खलाशाची गोष्ट मात्र प्रवाशांच्या आख्यायिकांतली. एक राष्ट्र वेडे झाले आणि बुडाले, हा निष्कर्ष मॅकेनंतर सर्वमान्य झाला.

विसाव्या शतकात पोस्थुमस याने मूळ कागद प्रकाशात आणले आणि १९२९ मध्ये इंग्रजीतून विवेचन केले. १९८९ मध्ये पीटर गार्बर यांनी असे मांडले की दुर्मिळ जातींचे चढे भाव आणि नंतरची उतरण ही नव्या फुलांच्या बाजारात सर्वत्र आढळणारी रीत आहे. १६३७ च्या जानेवारीतील सामान्य कंदांची अफाट भाववाढ मात्र त्यांनाही या चौकटीत बसविता आली नाही. २००७ मध्ये अॅन गोल्डगार यांनी नोटरींचे दप्तर तपासून दाखविले की कंदांवर ३०० गिल्डरांहून अधिक खर्च केलेले लोक त्यांना अवघे ३७ सापडले. देशोधडीस लागलेला कोणी सापडला नाही, आणि जे यात होते ते बहुतेक सुस्थितीतले व्यापारी आणि कारागीर, अनेकदा एकमेकांचे नातलग वा शेजारी होते. धक्का बसला तो पतीस, दिलेल्या शब्दास.

गोल्डगार यांचे हे मत मला ग्राह्य वाटते. त्यास एक पुस्ती जोडावीशी वाटते. जानेवारीत ज्यांचे भाव अनेक पटींनी चढले ते ‘स्विट्सर’, ‘विट्टे क्रोनेन’ असे पौंडाच्या वजनावर विकले जाणारे सामान्य कंद होते. दुर्मिळ कंदाचा खरेदीदार मे महिन्यात वाफ्याशी उभा राहून फूल पाहून घेई. विक्रेत्याची बाग, नाव, प्रतिष्ठा त्याला ठाऊक असे. पौंडाच्या मालास असा वाफा नव्हता. तो कोणाच्या जमिनीत आहे, आहे की नाही, हे न पाहता मद्यगृहात हातोहात फिरत होता. घरगुती बागेने साठ-सत्तर वर्षांत घडविलेली ओळखीची व्यवस्था महागड्या फुलांच्या बाबतीत काही अंशी तग धरून होती. या मालास ती कधी लागूच नव्हती. भाव कोसळले तेव्हा दोन्हींचे कोसळले हे खरे, परंतु गार्बर यांना न सुटलेली गाठ या बाजूने सुटण्याची शक्यता आहे. त्यासाठी नोटरींच्या दप्तरातील करार ‘जागा सांगितलेले’ आणि ‘जागा न सांगितलेले’ असे वेगळे करून पाहावे लागतील. हे काम कोणा विद्यार्थ्याने डच भाषा शिकून हाती घ्यावे.

अशा अभ्यासास आणखी एक साधन उपलब्ध आहे. लिमेन या डच गावातील ‘हॉर्टुस बुल्बोरुम’ या बागेत जुन्या जातींचे कंद दरवर्षी लावून, काढून, पुन्हा लावून जिवंत ठेवले जातात. १५९५ ची मानली जाणारी ‘ड्यूक फान टोल’ ही बुटकी तांबडी-पिवळी जात तेथे आहे. १६२० च्या सुमाराची ‘झोमरस्खोन’ ही फुटलेल्या फुलाची जातही आहे. ‘सेम्पर ऑगस्टस’ केव्हाच नाहीशी झाली. झोमरस्खोन विषाणू अंगात बाळगून चारशे वर्षे टिकून आहे, कारण दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी तिचे पिल्लू वेगळे करून पुन्हा मातीत लावीत आले.